पंखा ठोकून घ्यायचा की नवीन टाकायचा

सोलापुरात राहून बोटीचा पंखा (प्रोपेलर) हातात घेऊन दुकानं पालथी घालणारा माणूस मी एकटाच असेन बहुतेक. सात रस्त्याला एका दुकानात विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, "कूलरचा का एक्झॉस्टचा?" त्याची चूक नाही ओ, मार्च संपायला आलेला, इथं पंखा म्हटलं की कूलरच आठवणार. मी पिशवीतून काढून दाखवला तर दोन मिनिटं फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "हे आपल्याकडं नाय, समुद्राकडं बघा."

समुद्र इथनं कुठला. पण उजनी आहे की.

मामांचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला. सोलापूरहून टेंभुर्णीपर्यंत पुणे हायवे, मग करमाळा रोड, कंदरच्या पुढं आत वळायचं, दोन्ही बाजूला केळी आणि ऊस, आणि रस्ता संपतो तिथं एकदम समुद्रासारखं पाणी. आजोबांची निम्मी जमीन धरणाखाली गेली, उरलेल्यात मामा केळी करतात. तीन वर्षांपूर्वी मामांचा पोरगा (त्याला घरात सगळे बारक्याच म्हणतात, आता तिशीला आला तरी) आणि मी, अशी भागीत एक अठरा फुटी फायबरची बोट घेतली आणि कोकणातनं एक सेकंडहँड पंचवीस एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन आणलं. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक येतात, शनिवार-रविवार फेऱ्या होतात. बारक्या बोट चालवतो, मी सोलापुरात नोकरी करत भांडवल आणि डोकेदुखी दोन्ही अर्धी अर्धी सांभाळतो.

उजनीचं एक असतं, पाणी कधी कुठं असेल याचा नेम नाही. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातले ६३ च्या वर मृत साठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून पेपरात "उजनी शून्य टक्के" आलं तरी धरणात पाणी असतंच आणि मग ते मायनसमध्ये जातं. बाहेरच्या माणसाला हे मायनस काय ते कळतच नाही. पण बोटवाल्याला टक्क्यांशी काही घेणं नसतं, त्याला एवढंच की दिवाळीला जिथं बांबू तळाला लागत नव्हता तिथं मार्चमध्ये गुडघाभर पाणी असतं, आणि त्या गुडघाभर पाण्यात जुने बांध, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, बुडालेल्या गावांच्या भिंती सगळं तसंच उभं असतं.

त्या रविवारी सकाळी बारक्यानं चार पर्यटक बसवले होते, पुण्याचे, हातात हे एवढाल्या लेन्स. मीही होतो. पक्षी काठाजवळच्या गाळात बसलेले, लोक म्हणतात अजून थोडं जवळ, अजून थोडं, आणि बारक्यानं रोजची वाट सोडून जरा आत घातली. खाडकन आवाज आला, इंजिन मागून उचललं गेलं आणि परत आपटलं. बारक्यानं लगेच बंद केलं. खाली बघितलं तर गढूळ पाण्यात दगडाची गोल रांग. विहीर! आजोबांच्याच वेळची कुणाची तरी असणार. एक पर्यटक म्हणतो, "मगर आहे का?" मी म्हटलं नाही दादा, विहीर आहे, तुम्ही फोटो काढा.

परत सुरू केलं तर चाललं, पण पायाखालची फळी अशी थरथरायची की दात वाजत होते. सावकाश, अगदी कमी रेसवर काठाला आलो.

काठाला आल्यावर पहिलं काम, प्लगच्या दोन्ही कॅप काढल्या आणि किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून खिशात घातली. हे आम्ही न चुकता करतो कारण गिअरमध्ये राहिलेलं इंजिन आणि हाताने फिरवलेला पंखा या दोन गोष्टी एकत्र आल्या तर बोटं जातात. मग इंजिन वर टिल्ट करून बघितलं. तीन पात्यांचा अल्युमिनियमचा पंखा. एका पात्याचं टोक दोन बोटं रुंद एवढं तुटून गेलेलं, दुसरं टोकाशी कानासारखं वळलेलं, तिसऱ्याला कडेला करवतीसारखे दाते पडलेले. पिन सरळ करून काढली, नट खोलला, पंखा ओढून काढला. आणि इथंच मी चुकलो, पण ते नंतर कळलं. पंख्याच्या मागं शाफ्टवर एक जाड वॉशर असतो, तो चिकटून शाफ्टवरच राहिला, आम्ही म्हटलं राहू दे, नाहीतरी परत बसवायचाच आहे.

अंगणात बाजेवर पंखा ठेवला आणि चर्चा सुरू झाली.

मामा म्हणाले, "ह्यात काय एवढं, ऐरणीवर ठेवून हातोडीनं सरळ करू, रोटाव्हेटरची पाती आपण असंच करतो की."

"मामा, रोटाव्हेटर मातीत फिरतो, हे मिनिटाला अडीच हजार वेळा फिरतं."

"मग काय झालं? वाकडं ते वाकडंच."

बारक्याचं दुसरंच. त्याला स्टेनलेस स्टीलचा पाहिजे होता. त्याने मोबाईलवर कुठंतरी बघितलेलं, गोव्याच्या बोटींना असतो, चकचकीत. "एकदाच घ्यायचा, परत तुटायची भानगडच नाही." किंमत बघितली तर तीस हजाराच्या वर, म्हणजे सीझनची निम्मी कमाई. मी दोघांच्या मध्ये. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आधी विहीर कुठाय ते खूण करा, पंख्याचं मग बघा." खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

पंखा मी केळीच्या खोक्यात घालून सोलापूरला आणला.

पंख्याच्या गाभ्यावर आकडे कोरलेले असतात, पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. आमचा व्यास दहाच्या जरा आत आणि पिच ११. पिच म्हणजे काय हे मला स्क्रूवरून कळलं. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की जेवढा आत जातो तसं, पंखा एक फेरा फिरला की ११ इंच पुढं जायला पाहिजे, पाणी जर लाकडासारखं घट्ट असतं तर. ते नसतं, म्हणून पंखा थोडा सरकतो, त्याला स्लिप म्हणतात. आमच्या इंजिनाचा गिअर दोनास एकच्या जरा वर, म्हणजे इंजिन दोन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरलं की पंखा एक. हे सगळं कळायचा फायदा असा की मग दुकानदाराशी बोलता येतं, नाहीतर तो "कुठलं इंजिन, किती स्प्लाइन" (म्हणजे शाफ्टवरचे दाते) विचारतो आणि आपण नुसतं "बोटीचा" म्हणत बसतो.

मुंबईला आणि मालवणला फोन लावले. ओरिजिनल चौदा हजार, बाहेरच्या कंपनीचा पण त्याच मापाचा साडेसात, आणि कुरिअर वेगळं, आणि आठ-दहा दिवस. आणि एकाने सांगितलं, पाती तुटलेला असेल तर वेल्डिंग करून घ्या, चालतंय, आम्ही पण करतो, पण पातं जिथं गाभ्याला जोडलंय तिथं चीर असेल तर हात लावू नका. हे मात्र त्याने दोनदा सांगितलं. मुळाशी चीर असलेलं पातं वेल्ड केलं तरी भरवशाचं नाही, पाण्यात पूर्ण रेसवर ते गळून पडलं की उरलेल्या दोन पात्यांनी शाफ्टचं वाटोळं. मी घरी येऊन ब्रशने घासून, उन्हात धरून, नखाने चाचपून बघितलं. नंतर बायकोने सांगितलं तशी युक्ती केली, रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड चोळली, चीर असती तर रॉकेल बाहेर येऊन रेघ दिसली असती. (तिचे वडील लूम मेकॅनिक होते, त्यांची ही जुनी पद्धत.) रेघ नव्हती.

मग ठरवलं, दुरुस्त करू. हजार-दीड हजारात काम होत असेल तर साडेसात कशाला घाला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक आर्गन वेल्डिंगवाले अण्णा आहेत. अल्युमिनियम साध्या वेल्डिंगने होत नाही, आर्गनच लागतं. ते गाड्यांचे मॅगव्हील, रेडिएटर, मोटारीची कव्हरं असलं काम करतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, हेल्परशी कानडी, आपल्याकडं नवीन नाही. त्यांनी पंखा हातात घेतला, तिन्ही पाती अंगठ्याने दाबून बघितली आणि पहिला प्रश्न काय विचारला, "मालक, ह्येच्यावर माणसं बसतेत का सामान?"

"माणसं."

"मग मी करून देतो पण ग्यारंटी देत नाही. आधीच सांगतो."

मला तो माणूस तिथंच आवडला.

काम बघण्यासारखं होतं. आधी वळलेलं पातं, तुटक्या पात्याची कड, सगळं स्टीलच्या ब्रशने पांढरं होईस्तोवर घासलं, तेलाचा आणि ऑक्साईडचा अंश राहिला तर जोड पकडत नाही म्हणे. मग एका कार्डबोर्डवर चांगल्या पात्याचा कागद कापून घेतला, तोच उलटा-सुलटा करून तुटक्या पात्याला लावला आणि किती भरायचं ते स्केचपेनने मारलं. वळलेलं पातं गरम करून लाकडाच्या ठोकळ्यावर लाकडी हातोडीने हळूहळू बसवलं, लोखंडी घेतली नाही. "थंडच ठोकला असता तर मोडला असता," अण्णा म्हणाले. मामांची ऐरण आठवली आणि मी काही बोललो नाही. मग टोकाला थरावर थर भरत गेले, निळा प्रकाश, चार्र चार्र आवाज, प्रत्येक थरानंतर थांबायचं, आणि गाभ्यावर ओलं पोतं गुंडाळलेलं. मी विचारलं पोतं कशाला. म्हणाले आत रबर आहे ना, ते जळू नये.

आत रबर आहे हे मला तेव्हा कळलं! बाहेरून अख्खा एकच तुकडा दिसतो. पण मधे, शाफ्टला बसणारी पितळी नळी आणि बाहेरचा गाभा यांच्यात रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. पंखा दगडाला लागला की तो बुश सरकतो आणि धक्का आत गिअरपर्यंत जात नाही. फ्यूजसारखं. लाईटीचा फ्यूज जळाला तर आपण तार घालतो, इथं तसं करता येत नाही.

दोन तासांनी पंखा तयार, वेल्डिंगचे पंधराशे, ग्राइंडिंगसकट. बॅलन्स त्यांच्याच शेजारी सबमर्सिबल पंपाचे इंपेलर बॅलन्स करणारा आहे त्याने करून दिला. दोन समांतर धारदार पट्ट्या लेव्हलला लावलेल्या, त्यावर पंख्यातून घातलेला रॉड ठेवायचा, जड पातं आपोआप खाली येतं, त्याला जरा घासायचं, परत ठेवायचं, परत खाली येतं, परत घासायचं. नऊ-दहा वेळा. शेवटी कुठंही सोडलं तरी जिथल्या तिथं थांबायला लागलं. चारशे रुपये आणि एक चहा.

एकोणीसशे रुपयात काम. मी लई खुशीत होतो.

पुढच्या शनिवारी गावी गेलो, शाफ्टवरच्या दात्यांना ग्रीस लावून पंखा चढवला, नवीन पिन घातली. ह्या वेळी मी एक टॅकोमीटर पण नेला होता, सातशे रुपयाचा, त्याची वायर प्लगच्या वायरीवर गुंडाळली की आरपीएम दिसतो. त्याचं सेटिंग चुकलं की आकडा दुप्पट नाहीतर निम्मा दाखवतो, आमचा पहिल्यांदा अकरा हजार दाखवायला लागला आणि बारक्याला वाटलं इंजिन आता फुटणार, मग सेटिंग बदललं.

मी आणि बारक्या, दोघंच. थरथर गेलेली. बारक्या माझ्याकडं बघून हसला. हळूहळू रेस वाढवली, पूर्ण थ्रॉटल, टॅकोमीटर ५७०० वर गेला आणि मोबाईलच्या जीपीएसवर वेग दाखवतोय २७. आधी दोघं असताना ३२ तरी जायची. आवाज जोरात, बोट मात्र निवांत, अगदी क्लच गेलेल्या बसगत.

काठाला येऊन हिशोब मांडला, कागदावर, मामांच्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर. इंजिन ५७०० म्हणजे पंखा साधारण २७४०, गुणिले ११ इंच, म्हणजे मिनिटाला साडेसातशे मीटरच्या वर, तासाला ४६ किलोमीटर. आणि प्रत्यक्षात २७. म्हणजे चाळीस टक्क्याच्या वर कुठंतरी हवेत, म्हणजे पाण्यात, जातंय. हलक्या बोटीला वीस-पंचवीस टक्के स्लिप समजू शकतो, चाळीस नाही. मग एकतर ठोकताना पात्याचा पिच कमी झालाय, नाहीतर आतला रबर सरकतोय. आता हे ओळखायचं कसं?

मालवणच्या फोनवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं तो उपाय एवढा सोपा होता की मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मागच्या बाजूने आतल्या पितळी नळीवरून, रबरावरून, बाहेरच्या गाभ्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची. वाळू द्यायची. बोट पळवून आणायची. रेघ तुटली तर रबर गेला. आमच्याकडं रंग कुठला, मामीच्या धाकट्या सुनेचं लाल नेलपॉलिश आणलं. रेघ मारली, वाळेस्तोवर चहा झाला, एक चक्कर मारली, परत काढून बघितलं. आतली रेघ आणि बाहेरची रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर पडलेलं.

आता हा रबर विहिरीच्या धक्क्यानेच सरकला होता का वेल्डिंगच्या उष्णतेने गेला, ते सांगणं अवघड. पहिल्या दिवशी कमी रेसवर आलो म्हणून कळलं नसेल, रबर सरकला तरी कमी रेसला पकडतो. आणि वेल्डिंगच्या आधी रेघ मारली असती तर कळलं असतं, ती मारली नाही. त्यामुळं अण्णांना मी काही बोलायला गेलो नाही, त्यांनी तर ओलं पोतं लावलेलं आणि ग्यारंटी नाही हेही आधीच सांगितलेलं. मोठ्या गावात जुना रबर दाबून काढून नवीन बसवून देणारे असतात, आपल्याकडं त्या मापाचा बुशही नाही आणि साचाही नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. दुसऱ्यांदा पंखा काढलाच होता तर ह्या वेळी तो मागचा जाड वॉशरही काढला. आणि त्याच्या मागं शाफ्टभोवती तंगूस. मासेमारीच्या जाळ्याची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापसाच्या वातीसारखी घट्ट गुंडाळलेली, उष्णतेने वितळून अर्धी चिकटलेली, चांगली मूठभर. चिलापी माशाची जाळी उजनीत सगळीकडं असतात, कुठल्या तरी जाळ्यातून गेलो असणार, महिनाभरापूर्वी म्हणा, दोन महिन्यांपूर्वी म्हणा. ब्लेडने कापून कापून काढली तर आत सीलच्या (गिअरबॉक्समध्ये पाणी येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठावर खाच पडलेली दिसली. पोटात गोळा आला. खालचा स्क्रू जरासा सैल केला, गिअर ऑईल काचेच्या ग्लासात घेतलं, ते असायला पाहिजे मधासारखं आणि बाहेर आलं दूध घातलेल्या कॉफीसारखं. म्हणजे गिअरबॉक्समध्ये पाणी.

आता बघा, आम्ही पंधरा दिवस भांडत होतो पात्यावरून. हातोडी का आर्गन का स्टेनलेस. आणि त्याच्या चार इंच मागं गिअर पाण्यात भिजत होते. पंखा साडेसात हजार, गिअर आणि बेअरिंग गेले असते तर इंजिनाच्या निम्म्या किमतीत पडले असते. म्हणजे विहिरीने पंखा फोडला म्हणून हे दिसलं, नाहीतर सीझन संपेस्तोवर कुणी बघितलं नसतं. मामा म्हणाले, "विहिरीला नारळ फोडा."

शाफ्ट वाकलाय का तेही लगेच बघून घेतलं. इंजिन न्यूट्रलला, प्लगच्या कॅप काढलेल्या, एक लोखंडी तार इंजिनाच्या पायाला बांधून तिचं टोक शाफ्टच्या टोकाजवळ केसाएवढ्या फटीवर आणलं आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. फट फिरताना कमी-जास्त झाली असती तर शाफ्ट वाकडा. झाली नाही. हे बघितल्याशिवाय नवीन पंखा घेण्यात अर्थ नाही हे मला तोपर्यंत कळलेलं, वाकड्या शाफ्टवर सोन्याचा पंखा लावला तरी तो सील खाणारच.

सील काढायला आतलं बेअरिंगचं घर बाहेर ओढावं लागतं, त्याला पुलर लागतो. तो बारक्याने ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याकडनं आणला, जरा जुळवून घेतला. सीलवर मापं छापलेली असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. सोलापुरात बेअरिंगच्या दुकानात जुनं सील काउंटरवर ठेवलं, त्याने कॅलिपर लावला आणि दोन मिनिटांत डबीतून काढून दिलं, जोडी दोनशे ऐंशी रुपये. बोटीचं आहे म्हटल्यावर त्याला काही फरक पडला नाही, माप जुळलं की झालं. ओरिजिनलची स्प्रिंग गंजत नाही अशी असते, ह्याची कितपत टिकेल बघू, आपलं पाणी गोडं आहे. बसवताना एक गोष्ट, दोन सील असतात आणि एकाचा ओठ आत तेलाकडं, दुसऱ्याचा बाहेर पाण्याकडं. काढताना मोबाईलवर फोटो काढला म्हणून वाचलो.

भरायच्या आधी हवा मारून बघितली. तेलाच्या भोकाला नळी लावून सायकलच्या पंपाने थोडीशीच हवा, जास्त मारली तर सीलच उडतं, आणि शाफ्टला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. मामा, मी, बारक्या तिघं गुडघ्यावर बसून दहा मिनिटं एका शाफ्टकडं बघत होतो, रस्त्यानं जाणारा एकजण विचारून गेला, "काय ओ, काय निघालं?" नवीन गिअर ऑईल खालच्या भोकातून वर येईस्तोवर भरलं, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि स्क्रूचे वॉशरही नवीन टाकले.

पंखा नवीन घ्यायचा हे आता ठरलंच होतं. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते आमच्या भागातलं पाणी आहे, तो दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. दुपारनंतर वारं सुटलं की उजनीवर लाटा बघता बघता उठतात, आणि तेव्हा इंजिन नुसतं ओरडतंय आणि बोट पुढं सरकत नाही असं झालं तर काय. लाईफ जॅकेट सगळ्यांना असतात, तरी. त्यामुळं सरकलेल्या रबरावर पर्यटक बसवायचे नाहीत, ह्यावर तिघांचं एकमत दोन मिनिटांत झालं.

भांडण उरलं ते स्टेनलेसचं. बारक्या सोडत नव्हता. त्याचं म्हणणं चूक नाही, स्टील पातळ करता येतं, वाळूत घासलं तरी लवकर झिजत नाही, वेगही जरा जास्त मिळतो, समुद्राला, वाळूच्या तळाला छानच. पण आपला तळ वाळूचा नाही, दगडाचा आहे. दगडाला स्टील लागलं तर पातं तुटत नाही, मग तो सगळा जोर आत जाणार, रबराने जेवढा अडवला तेवढा, बाकीचा शाफ्टला आणि गिअरला. अल्युमिनियमचं पातं तुटतं हाच त्याचा गुण आहे. मी म्हटलं, तुला तुटायला काय पाहिजे ते ठरव, साडेसात हजाराचं पाहिजे का पन्नास हजाराचं. गप्प बसला. (नंतर म्हणाला दिसायला भारी असतो पण. ते आहेच.)

ओरिजिनल चौदाचा का बाहेरचा साडेसातचा, तर बाहेरचा घेतला. कारण सरळ आहे, आम्ही वर्षा-दोन वर्षांत परत कशाला तरी लागणारच.

पिच मात्र बदलला. दुकानदाराने फोनवर विचारलं, किती माणसं बसवता? सहा आणि चालवणारा. त्याने सांगितलं मग ११ जड आहे, १० घ्या, एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, इंजिनाला श्वास मिळतो. आणि खरंच, माणसं बसली की आमची बोट नाक वर करून बराच वेळ तशीच जायची, ते आम्ही माणसांच्या वजनावर घालवत होतो. मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० पाहिजे असं लिहिलंय, भरलेल्या बोटीला त्याच्या खाली राहिलं तर इंजिन ओढून ओढून तापतं, म्हणजे चढावर टॉप गिअरमध्ये गाडी घातल्यासारखं.

नऊ दिवसांनी कुरिअर आलं. बसवला. दोघं असताना ५५०० आणि ३१ चा वेग, हिशोबाने पाहिजे ४०, म्हणजे स्लिप बावीस-तेवीस टक्के. वेग एक किलोमीटरने कमी झाला, बारक्याला लागलं ते. मग मामा, मामी, शेजारची चार माणसं बसवून सहा पूर्ण केले आणि पळवली तर ५०५०. आणि नाक पटकन खाली आलं, मामी ओरडल्या "हळू की रे मुडद्या", म्हणजे जोर आलाय.

एकूण खर्च सांगतो. वेल्डिंग-बॅलन्स एकोणीसशे, टॅकोमीटर सातशे, सील-ऑईल-वॉशर मिळून साधारण हजार, पंखा कुरिअरसकट आठ हजार, सोलापूर-गाव चार फेऱ्यांचं पेट्रोल वेगळं, आणि सीझनचे तीन शनिवार-रविवार पाण्यात. मामा पहिल्याच दिवशी नवीन घेतला असता तर काय झालं असतं असं विचारतात. पंखा तीन आठवडे आधी आला असता हे खरं, पण आम्ही तो त्याच वॉशरवर चढवला असता आणि आतली तंगूस तशीच राहिली असती, हेही खरं.

अण्णांचा दुरुस्त केलेला पंखा टाकला नाही. कमी रेसवर तो पकडतो, त्यामुळं बोटीच्या पुढच्या कप्प्यात जुन्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ठेवलाय, सोबत एक नट, तीन पिना, पकड आणि पाना, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पाण्यात कधी परत फुटला तर काठापर्यंत आणेल. विहिरीच्या जागी मामांनी बांबू रोवून वर लाल प्लास्टिकचा डबा बांधला, आता तिथून पुढं अजून दोन विहिरी आहेत असं त्यांना आठवलंय, तेव्हा अजून दोन बांबू लागतील.

दर पंधरा फेऱ्यांनंतर वॉशर काढून तंगूस बघायचं, हे बारक्याचं काम. आणि नवीन पंख्यालाही पहिल्या दिवशीच रेघ मारून ठेवलीय, तो दर सोमवारी तिचा फोटो मला पाठवतो. कालच्या फोटोत रेघ सरळ होती, फक्त लाल पॉलिश संपलं म्हणून आता गुलाबी आहे.